विरोधलय आणि गोंगाट : काही भूमिगत ध्वनिमुद्रिकांच्या निमित्ताने

मराठी समीक्षेत 'गोंगाट' हा शब्द वर्णनासाठी क्वचितच येतो; तो येतो निकाल म्हणून. एखाद्या कवितेला गोंगाटी म्हटले की तिच्याविषयी अधिक बोलण्याची गरज उरत नाही. संस्कृत काव्यशास्त्र या बाबतीत पुष्कळच सावध होते. श्रुतिकटुत्व हा दोष त्याने मान्य केला, परंतु तो अनित्य दोषांत गणला. शृंगारात जी वर्णरचना कानाला खुपते तीच रौद्रात उचित ठरते, हे आनंदवर्धन आणि मम्मट या दोघांनाही ठाऊक होते. कर्कश ध्वनी कोठे आला आणि कशाच्या शेजारी आला, हे पाहिल्यावाचून त्याचे मूल्य ठरवता येत नाही, हा त्यामागचा विवेक. अर्वाचीन मराठी समीक्षेत त्याची जागा दोन सोयीस्कर भूमिकांनी घेतली. गोंगाट म्हणजे कलाहीनता, ही एक; गोंगाट म्हणजे विद्रोह, ही दुसरी. साठोत्तरी काळानंतर दुसरी भूमिका अधिक प्रतिष्ठित झाली, आणि ती पहिलीइतकीच आळशी आहे. दोन्हींमध्ये प्रत्यक्ष ऐकण्याचे काम टळते.

पाश्चात्त्य देशांत १९७५ नंतरच्या दीड दशकात निघालेल्या पंक आणि नॉइज-रॉक या प्रकारांतील भूमिगत ध्वनिमुद्रिका या आळसाची परीक्षा पाहणाऱ्या आहेत. आपल्याकडे पंक हा शब्द पोचला तो ताठ उभे केलेले केस आणि कपड्यांना टोचलेल्या सेफ्टी पिना यांच्या छायाचित्रांतून. डिक हेब्डिज यांच्या १९७९च्या उपसंस्कृतीविषयक ग्रंथाने या पोशाखाचे चिन्हमीमांसेच्या अंगाने वाचन केले, आणि आपल्या विद्यापीठांतून तो ग्रंथ वाचला गेला; ध्वनिमुद्रिका मात्र अभावानेच ऐकल्या गेल्या. परिणामी पंक म्हणजे एक 'शैली', एक पवित्रा, अशी समजूत रूढ झाली. वस्तुतः या ध्वनिमुद्रिकांत निर्णायक ठरणारी गोष्ट वेगळीच आहे. माणसाच्या आवाजाला गोंगाटाच्या संदर्भात कोणती जागा दिली जाते, यावर त्यांची घडण आणि त्यांचे मोल अवलंबून असते. आवाज गोंगाटाच्या वर आहे, खाली आहे, बरोबरीने आहे, की गोंगाटाने तो पुसून टाकला आहे? हा प्रश्न जळगाव-धुळ्याकडच्या अभ्यासकाला परका वाटण्याचे कारण नाही. त्याच्या मुलखातले बाईमाणसाचे गाणे पिढ्यान्‌पिढ्या दगडाच्या घरघरीवरच म्हटले गेले आहे.

योगायोगाची गोष्ट अशी की या प्रश्नासाठी लागणारी परिभाषाही खानदेशात जन्मलेल्या एका कवीनेच देऊन ठेवली आहे. बा. सी. मर्ढेकर यांचा जन्म १९०९ साली फैजपूरचा. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात त्यांनी कलाकृतीच्या घटकांमध्ये संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन प्रकारची लयसंबंधांची कल्पना मांडली. त्यांच्या सौंदर्यशास्त्राविषयी पुष्कळ वाद झाले. 'शुद्ध' संवेदनांची त्यांची भूमिका आता फारसे कोणी जशीच्या तशी स्वीकारणार नाही. तरीही विरोधलय ही संकल्पना आजही उपयोगी पडते. याचे कारण असे की मर्ढेकरांनी विरोधाला लयीचाच एक प्रकार मानले. विरोध म्हणजे लयीचा भंग, असे ते मानत नाहीत. मात्र त्यांच्या विवेचनाचा ओढा समतोलाकडे आहे, आणि विरोध हा बहुधा समतोलाच्या वाटेवरचा टप्पा ठरतो. हा टप्पाच मुक्काम झाला तर काय होते, हे यंत्रयुगाच्या या कवीला विचारण्याजोगे होते. ते विचारले गेले इतरत्र, विद्युत्‌-गिटारींच्या साहाय्याने.

न्यू यॉर्कच्या सॉनिक यूथ या चमूची 'डेड्रीम नेशन' (१९८८) ही ध्वनिमुद्रिका या दृष्टीने आरंभासाठी बरी. प्रत्येक गाण्यासाठी गिटारी निराळ्या स्वरांत लावायच्या आणि प्रसंगी तारांखाली ढोलाच्या काठ्या किंवा पेचकस खुपसून वाजवायच्या, ही या चमूची पद्धत. तिच्यातून निघणारा ध्वनी प्रथमदर्शनी बिघडलेल्या यंत्राचा वाटतो. परंतु भारतीय कानाला त्यात ओळखीचेही काही सापडावे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जी जवारी काढतात, तीही तारेच्या निर्मळ नादात हेतुपूर्वक घातलेली खरखरच असते. आपल्या परंपरेने ती खरखर इतकी आत्मसात केली की तिलाच आपण गोडवा म्हणू लागलो. सॉनिक यूथच्या गिटारींचा हेतू तसा फार वेगळा नाही. या ध्वनिमुद्रिकेत गोंगाट वाढत जातो, भिंतीसारखा उभा राहतो आणि ओसरल्यावर चाल पुन्हा हाती लागते. म्हणजे येथे विरोध अखेरीस समतोलात विसर्जित होतो. मर्ढेकरांना ती मान्य झाली असती. तिची सर्वत्र झालेली वाखाणणी रास्त असली तरी या सर्व ध्वनिमुद्रिकांत ती सर्वांत सुरक्षित आहे, हेही नमूद करायला हवे.

स्वान्सची 'फिल्थ' (१९८३) अशी सुटका देत नाही. जड, संथ, एकसारखे आघात आणि त्यांवर हुकूम सोडावा तसा ओरडणारा पुरुषी आवाज एवढाच तिचा ऐवज. काम, मालकी, देह आणि लाचारी हे तिचे विषय. हुकूम सोडणारा आवाज स्वतःच आघातांखाली चिरडला जात असल्यासारखा ऐकू येतो, आणि मालक कोण व राबणारा कोण हे ठरवता येत नाही. विरोधलय येथे मुक्कामाला आली आहे. ही ध्वनिमुद्रिका सलग ऐकणे कष्टाचे आहे, आणि तिच्या दुसऱ्या भागात हा कष्ट पुनरुक्तीमुळेही होतो, हे तिच्या चाहत्यांनी कबूल करायला हरकत नाही.

शिकागोच्या बिग ब्लॅक या चमूची 'अ‍ॅटमायझर' (१९८६) अधिक सूक्ष्म आहे. या चमूत तालवादक माणूस नव्हता. एक ताल देणारे यंत्र होते, आणि श्रेयनामावलीत त्याचा उल्लेख चमूच्या सदस्यासारखा 'रोलंड' असा होत असे. गिटारींचा ध्वनी पत्रा कापल्यासारखा. चमूचे प्रमुख स्टीव्ह अल्बिनी (मृत्यू २०२४) ध्वनिमुद्रक म्हणूनही पुढे मोठे झाले, आणि गायकाचा आवाज वाद्यांच्या वर चढवून न ठेवण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. लोकप्रिय संगीताचा सारा व्यवहार गायकाचा आवाज पुढे आणून त्याला नायकपद देण्यावर चालतो. 'अ‍ॅटमायझर'मध्ये आवाज हे यंत्रांपैकी एक यंत्र होते. तीतील 'केरोसीन' हे गाणे लहान गावात राहणाऱ्या, करण्यासारखे काहीच नसलेल्या तरुणाचे आहे. कंटाळ्याची परिणती आग लावण्याच्या कल्पनेत होते. अल्बिनींचे पौगंडावस्थेतील दिवस मोंटाना राज्यातील मिझूला या गावी गेले. हे महानगराचे गाणे नाही. महानगरीय जाणिवेच्या नावाखाली मराठी समीक्षेने यंत्र, एकाकीपण आणि हिंसा हे सारे मुंबईच्या खाती जमा करून टाकले; जिनिंग-प्रेसिंगच्या आणि यंत्रमागांच्या आवाजात वाढणाऱ्या जिल्ह्याच्या गावांनाही स्वतःचा असा यांत्रिक कंटाळा असतो, ही बाब तिच्या नजरेतून निसटली. 'केरोसीन' ऐकताना ती उणीव जाणवते.

आतापर्यंतचे विवेचन मर्ढेकरी परिभाषेत बसते. यापुढे ती अपुरी पडते. याचे कारण ती कलाकृतीला तिच्या निर्मितिव्यवहारापासून तोडून पाहते, आणि पंक ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत निर्मितिव्यवहार हा घाटाचाच भाग आहे. मँचेस्टरच्या बझकॉक्स या चमूने जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी पाचशे पौंड उसने घेऊन स्वतःच काढली. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची होती. पुढच्याच वर्षी स्क्रिटी पोलिटी या चमूने 'स्कँक ब्लॉक बोलोन्या'च्या वेष्टनावर ध्वनिमुद्रणाचा आणि छपाईचा खर्चच छापून टाकला. रसिकाच्या हाती कलाकृतीबरोबर तिचा जमाखर्चही पडला. हे प्रकार मराठी वाचकाला नवे नाहीत. १९५४ साली निघालेले 'शब्द' सायक्लोस्टाइल केलेले होते, आणि 'असो'सारख्या अनियतकालिकांमागे प्रस्थापित प्रकाशनव्यवहाराला वळसा घालण्याचीच प्रेरणा होती. फरक असा की अनियतकालिकांवर लिहिताना मराठी समीक्षेने त्यांच्या कागदाकडे, शाईकडे, पुसट अक्षरांकडे संहितेचा भाग म्हणून क्वचितच पाहिले. ती सारी सामग्री आठवणींच्या लेखांत गेली.

येथे 'भूमिगत' या शब्दाविषयी थोडे. खानदेशात या शब्दाला बेचाळीसचा वास आहे. एकेकाळी अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी त्या आंदोलनात भूमिगत झाले. १९४४ साली धुळे जिल्ह्यातील चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटणारे भूमिगत होते. पकडले गेल्यास तुरुंग, असा त्या शब्दाचा अर्थ. पंक ध्वनिमुद्रिका ज्या अर्थाने भूमिगत म्हणवल्या जातात तो अर्थ बाजाराच्या संदर्भातला आहे, कायद्याच्या नव्हे. ही दोन भूमिगतपणे एक समजण्याची चूक पाश्चात्त्य लेखनात वारंवार होते. आपण ती उसनी घेऊ नये. परंतु दोन्ही अर्थ जेथे एकमेकांना स्पर्श करतात असे एक उदाहरण आहे. इंग्लंडमधील क्रास या अराजकवादी चमूच्या 'द फीडिंग ऑफ द फाइव्ह थाउजंड' या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचे आरंभीचे गाणे धर्मनिंदक आहे असे म्हणून आयर्लंडमधील कारखान्यातील कामगारांनी तबकडी छापण्यास नकार दिला. चमूने ते गाणे काढले आणि त्याच्या जागी दोन मिनिटांची शांतता ठेवली. तिला नाव दिले 'द साउंड ऑफ फ्री स्पीच', म्हणजे भाषणस्वातंत्र्याचा ध्वनी. १९७९ साली ती तशीच बाजारात आली. ज्यांच्या बाजूने हे गायक बोलत होते त्या कामगारांनीच त्यांना बंद केले, हा त्यातला पेच कोणत्याही विद्रोहाच्या सरळ गणितात मावत नाही. 'काही कविता'बद्दल मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला झाला होता. वगळलेल्या आवाजाची रिकामी जागाही लयीचा घटक ठरू शकते, हे त्यांना या तबकडीवरून मान्य करावे लागले असते. उरलेल्या गाण्यांविषयी मात्र असे म्हणता येत नाही. त्यांतील घोषणा लवकर शिळ्या झाल्या.

घोषणेवाचूनही राजकारण घाटात कसे उतरते, याचे सर्वांत समृद्ध उदाहरण मिनटमेन या तिघांच्या 'डबल निकल्स ऑन द डाइम' (१९८४) या जोडतबकडीत आहे. हे तिघेही कॅलिफोर्नियातील सॅन पेड्रो या बंदराच्या गावचे, कष्टकरी घरांतले. अकराशे डॉलरच्या आसपास खर्चात पंचेचाळीस गाणी; बरीचशी दोन मिनिटांच्या आत संपणारी. काटकसर हे या चमूचे ब्रीद होते, पण ती केवळ परिस्थितीने लादलेली राहिली नाही. गाण्यात पालुपद नको, एकल वादनाचा डौल नको, म्हणायचे ते म्हणून झाले की थांबायचे, असा तिचा रचनेत अनुवाद झाला. डी. बून यांनी आपल्या गिटारीचा ध्वनी मुद्दाम किरटा, टिपेचा ठेवला, जेणेकरून माइक वॉट यांच्या खर्जाच्या गिटारीला मधली सारी जागा मोकळी मिळावी. गिटारीने इतर वाद्यांवर राज्य करू नये, अशी त्यामागे उघड राजकीय भूमिका होती. समतेची भाषा अनेक गाण्यांत आढळते. ध्वनीच्या पट्ट्यांची समान वाटणी मात्र दुर्मिळ. प्रत्येक बाजूचा आरंभ मोटारीचे इंजिन सुरू होण्याच्या आवाजाने होतो, आणि ते इंजिन त्या त्या वादकाच्या स्वतःच्या मोटारीचे आहे. घरघरीने आरंभ करून तिच्यावर गाणे म्हणायचे, ही कल्पना कोणत्याही ओवी म्हणणाऱ्या बाईला समजावून सांगावी लागली नसती. बून १९८५ च्या डिसेंबरात अपघातात गेले आणि चमू संपला.

लंडनच्या द रेनकोट्स या स्त्रियांच्या चमूची त्याच नावाची पहिली ध्वनिमुद्रिका (१९७९) येथे मुद्दाम शेजारी ठेवावी. तिच्यातली लय घड्याळाची नाही. ती मध्येच ओढली जाते, घाईला येते, थकते. व्हायोलिन खरवडल्यासारखे वाजते. दोन-तीन आवाज एकाच वेळी म्हणतात आणि त्यांतला कोणताही मुख्य होत नाही. कसब कमी असल्याचे हे लक्षण आहे असे तेव्हाही म्हटले गेले, आजही म्हटले जाते. ते अंशतः खरे आहे. परंतु हाताने फिरणाऱ्या वस्तूची लय अशीच असते. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एकीने ओवीचा पूर्वार्ध उचलावा, दुसरीने पुरा करावा. घास घातला की दगडाचा आवाज दबतो, दाणे सरले की दगडावर दगड घासून तो चढतो. हात भरून आले की गती मंदावते. ओवीचे अनियमित अक्षरचरण या गतीशी जोडलेले आहेत, हे आपण छंदशास्त्रात शिकतो आणि शिकवतो. पण ऐकतो का?

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आसोद्याच्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. आता जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांच्या गाण्यांची लिखित संहिता १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली, आणि त्यानंतरची सारी समीक्षा त्या संहितेची समीक्षा आहे. आशय, प्रतिमा, लेवा बोलीची रूपे, जीवनदृष्टी यांवर प्रबंधांमागून प्रबंध झाले. घरघर मात्र छापली गेली नाही. दगडाच्या आवाजावर आवाज लावताना कोणते स्वर ताणावे लागतात, कोणती अक्षरे बुडतात आणि म्हणून कोणती टाळली जातात, याचा विचार छापील ओळीवरून होऊ शकत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी १९८०च्या दशकापासून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह, आणि पुढे त्याला जोडली गेलेली ध्वनिमुद्रणे, हे त्या दिशेचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे काम होय. त्याचा मोठा भाग पुणे जिल्ह्यातला. २०१७ पासून ही सामग्री 'पारी'तर्फे सर्वांसाठी प्रसिद्ध होत आहे. मराठी विभागांच्या अभ्यासक्रमात तिचा प्रवेश संहितेच्या रूपाने होईल, ध्वनीच्या रूपाने होणार नाही, अशी धास्ती वाटते.

याच प्रदेशातील दुसऱ्या ध्वनिव्यवहाराबाबतही समीक्षेची अडचण हीच आहे. ध्वनिफितींच्या काळापासून अहिराणी गाण्यांचे एक स्वयंपूर्ण जग उभे राहिले: स्थानिक गायक, स्थानिक खर्च, गावच्या बाजारात विक्री, पुढे चकत्या, मग यूट्यूब. २०२२ मध्ये 'हाई झुमकावाली पोर' या गाण्याने या बोलीला खानदेशाबाहेर लाखो श्रोते मिळवून दिले. शेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले'पासून जो स्वस्तातला चित्रपटव्यवहार उभारला त्याच्याशी हे जुळते आहे. मोठ्या कंपन्यांना वगळून केलेली निर्मिती एवढ्यावरून त्याला पंकचे देशी रूप म्हणण्याचा मोह अभ्यासकाला होईल. तो आवरावा. या गाण्यांतली खरखर स्वस्त सामग्रीची आहे, आणि परवडताक्षणी ती दूर केली जाते. त्यांना विरोधलय नको आहे, संवादलय हवी आहे: लग्नाच्या वरातीत सगळ्यांनी एकदम नाचावे अशी. आवाज त्यात निःशंकपणे वरच असतो. हा त्यांचा उणेपणा नव्हे. बोलीला लाजणाऱ्या पिढीने ती कर्ण्यावरून ऐकावी, हेच त्यांचे कार्य आहे, आणि सुधीर देवरे यांच्या 'ढोल' या अहिराणी नियतकालिकाने छापील अक्षरांतून जे करू पाहिले त्याच्याशी त्यांचे नाते अधिक जवळचे आहे.

लोकपरंपरा आणि भूमिगत गोंगाट खरोखर एकत्र आले तर काय होते, याचे उदाहरण इथिओपिया आणि हॉलंड यांच्यामध्ये सापडते. द एक्स या डच पंक चमूने इथिओपियाचे वयोवृद्ध सॅक्सोफोनवादक गेटाचू मेकुरिया यांच्याबरोबर केलेली 'मोआ अन्‌बेसा' (२००६) ऐकताना लक्षात येते की मेकुरियांचे वादन योद्ध्यांच्या गर्जनागीतांवर उभे आहे; त्यामुळे गिटारींचा कल्लोळ त्यांना पाहुणा वाटत नाही. कोणीही कोणाला सजावट म्हणून वापरलेले नाही. आपल्याकडे स्वदेशी या मुंबईच्या रॅप चमूने प्रकाश भोईर यांच्यासह केलेले 'द वारली रिव्होल्ट' (२०१९) या दिशेने पुढे आले. आरेच्या जंगलाचा प्रश्न त्यात प्रत्यक्ष त्या जंगलातल्या माणसाच्या आवाजात येतो. साक्री-नवापूरकडची पावरी अजून अशा जोडीदाराच्या प्रतीक्षेत आहे. भोपळ्याचे आणि शिंगाचे हे वाद्य रात्रभर वाजू शकते, आणि तिच्या अखंड स्वराला नागर कान सहज गोंगाट म्हणतो.

या मोजपट्टीच्या बाहेर राहणाऱ्या ध्वनिमुद्रिकाही आहेत. लू रीड यांच्या 'मेटल मशीन म्युझिक'मध्ये (१९७५) किंवा जपानच्या मेर्झबोच्या बहुतेक कामात माणसाचा आवाजच नाही. तेथे आवाजाची जागा कोणती, हा प्रश्न लटका पडतो. झाक अताली यांनी १९७७च्या आपल्या ग्रंथात गोंगाट हा येऊ घातलेल्या अर्थव्यवस्थेची चाहूल असतो असे प्रतिपादन केले. मोठ्या पटावर ते आकर्षक आहे, पण एका तबकडीचे दुसरीहून वेगळेपण सांगायला ते फारसे कामी येत नाही. १९८०च्या दशकातील अतिवेगवान हार्डकोअर पंकचा बराचसा भाग आता कवायतीसारखा ऐकू येतो. त्यातून मायनर थ्रेटची मोजकी गाणी त्यांच्या आटोपशीरपणामुळे वाचली आहेत.

जात्याची जागा खानदेशातल्या गावोगावी विजेच्या चक्कीने घेतली, त्याला आता कित्येक दशके झाली. चक्कीच्या आवाजात ओवी म्हणता येत नाही. आवाज त्याच्या वर चढतच नाही. दळण घेऊन आलेल्या बायका तेथे खुणांनी बोलतात, किंवा बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. 'अ‍ॅटमायझर'मधला आवाज ओट्यावर जात नाही. तो पट्ट्याशेजारी उभा राहून बोलत राहतो, आणि त्याचे अर्धे शब्द कळत नाहीत.